चापड्याची खळी

टुक्.

रिकाम्या पातेल्यात नळाचा थेंब पडावा, एवढाच आवाज. पण त्या दिवेलागणीला घर इतकं गप्प होतं की चपला काढता काढता चारुताची मान वर झाली. टीव्ही बंद, पंखा बंद, केतकीची बडबडही नाही. आवाज आतल्या खोलीतून आला होता, भिंतीवरच्या खळीतून.

ती आत गेली. वन्सं पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. चार वर्षांची केतकी त्यांच्या मांडीवर उताणी पडून स्वतःच्या पायाचा अंगठा हाताने ओढत होती. खोलीत धुपाचा वास भरला होता. आणि भिंतीवरच्या सुपारीएवढ्या डबीवर निळा दिवा लागला होता.

"काय गो, आज बेगीन इलंस?" वन्संनी पदर सारखा केला.

चारुताची नजर दिव्यावर होती. या महिन्यातला हा तिसरा निळा दिवा. पहिल्या दोन वेळी ती उशिरा आली होती, नोंद नंतर फोनवर बघितली होती. आज ती दारातच होती.

खळी तिची होती. म्हणजे मालकीची नव्हे, पण सावंतवाडीच्या वर, घाटमाथ्यावरच्या त्या प्रयोगशाळेत तिच्या हाताखालून घडलेली. सुंदा बेटांवर, पार पूर्व इंडोनेशियात, एक हिरवा चापडा साप राहतो. आपल्या आंबोलीच्या रानातल्या चापड्याचा लांबचा भाऊबंद. पोपटी अंग, तांबूस शेपूट, ओठाला पिवळट कड. दिवसभर फांदीला विळखा घालून पानासारखा पडून असतो. त्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मधे, दोन्ही गालांवर, एकेक खळी असते. मूगडाळीच्या दाण्याएवढी. तिच्यात कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ पडदा ताणलेला असतो. अंधारात समोरून उंदीर गेला की उंदराच्या अंगची ऊब त्या पडद्यावर पडते, पडद्यातल्या मज्जातंतूंच्या टोकांवरची बारीक दारं उघडतात, आणि सापाला ऊबच दिसते. आपल्याला उजेड दिसतो तशी.

तीच दारं माणसाच्या अंगातही आहेत, पण आपल्याकडे त्यांना दुसरं काम आहे. मोहरी झोंबते, लसूण नाकात जातो, धुराने डोळे चुरचुरतात, ते त्यांच्यामुळे. चारुता व्याख्यानात हे रंगवून सांगायची. "आपल्याला फोडणीचा ठसका लागतो ना, त्याच ठसक्याचा चापड्याने डोळा केला!" लोक हसायचे. हशा थांबला की ती पुढचं सांगायची.

पुढचं असं, की डॉ. आजगावकरांच्या या प्रयोगशाळेने त्या पडद्याच्या पेशी काचेच्या चकतीवर वाढवून जगवल्या, आणि तो जिवंत पडदा लहान मुलांच्या चेहऱ्याकडे वळवला. मूल घाबरलं की रडण्याच्या आधी त्याचं नाक गार पडतं. अगदी किंचित, हाताला कळणार नाही इतकं. खळीला कळतं. जवळ कोण आहे, तेही ती अंगाच्या उबेच्या ठेवणीवरून ओळखते. मूल निवांत असेल तर हिरवा दिवा, भ्यालं असेल तर निळा. कॅमेरा नाही, आवाज टिपणं नाही, त्यामुळे लोकांनी ती आनंदाने भिंतीवर लावून घेतली. पाळणाघरांत झालेल्या त्या ओंगळ प्रकारांनंतर तर नियमच आला. एका महिन्यात एकाच माणसाच्या नावावर तीन निळ्या नोंदी झाल्या, की नाव आपोआप बालरक्षण केंद्राकडे जायचं, आणि चौकशी होईपर्यंत त्या माणसाला कुठल्याही मुलाजवळ एकटं राहता यायचं नाही. खळी कुणाचं तोंड बघून बोलत नाही, असं जाहिरातीत म्हणायचे. ते वाक्य चारुतानेच सुचवलं होतं.

"वन्सं, आत्ता काय झालं?"

"खय काय? काय नाय."

"केतकी घाबरली."

"ह्यां घाबारला?" वन्सं हसल्या. "बघ तरी. लोळताहा नुसता."

"मी यायच्या आधी काय चाललं होतं?"

वन्संचं हसू गेलं. त्यांनी उजवी मूठ पदराखाली घेतली. चारुताने ते बघितलं.

"काय नाय गो. धूप घातलंय. डास किती झालेत."

"हातात काय आहे?"

"काय नाय म्हणतंय मा!" केतकीला पलंगावर ठेवून त्या उठल्या आणि मागच्या दाराने बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा हात धुतलेले होते, आणि नजर फरशीवर.

सुगंधा राऊळ म्हणजे विराजची थोरली बहीण. तो लहान असताना आई गेली, तेव्हापासून त्याला हिनेच वाढवलं. लग्न केलं नाही. घाटाखालच्या गावात बालवाडी चालवायची, अर्ध्या गावाला तिनेच बोट धरून शाळेत नेलेलं. चारुता लग्न होऊन आली तेव्हा गंमत म्हणून जुन्या नाटकातल्यासारखं 'वन्सं' म्हणाली, आणि तेच राहिलं. विराज जहाजावर गेला, चारुताची रजा संपली, तेव्हा बालवाडी दुसरीच्या हवाली करून वन्सं पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "तू जा तुझ्या सापांकडे. चेडवाक मी बघतंय."

पहिल्याच दिवशी चारुताने गोड आवाजात सांगितलं होतं, "एक सांगू, राग नका मानू. दृष्ट काढणं, अंगारा, काळा दोरा, असलं या घरात नको. माझ्या कामातली माणसं येतात-जातात. हसतील." वन्सं "बरां" म्हणाल्या आणि केतकीच्या मनगटावरचा दोरा त्यांनी स्वतःच्या हाताने सोडला. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडावी लागली.

आणि आज ती त्यांना विचारत होती, "तुम्ही चिमटा काढता का तिला? काही भीती घालता का?"

तोंडातून गेलंच. वन्संनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू आपल्याच ताटात जेवणाऱ्या माणसाने ते ताट ओढून घेतलं.

"माका इचारतंस ह्यां?"

"मी नाही विचारत. खळी दाखवते आहे."

"आणि तू?"

चारुता गप्प बसली. त्या गप्प बसण्याला पुढे तिने बरीच नावं देऊन पाहिली. दमणूक, काळजी, आईपण. एकही टिकलं नाही.

सकाळी केतकी उठायच्या आत वन्सं निघून गेल्या. चारुता दारात उभी होती. थांबा म्हणाली नाही.

विराजचा फोन आला, मागे समुद्राचा वारा घोंघावत होता. "मला तिने वाढवलंय, चारू. एक चापट मारली नाही कधी."

"तुमच्या भिंतीवर खळी नव्हती," ती म्हणाली.

तो "ठेवतो" म्हणाला.

केंद्राचं पत्र गावात पोचलं आणि वन्संनी परत हाती घेतलेली बालवाडी काढून घेतली गेली. हे चारुताला विराजकडून कळलं. आजगावकर सरांना मात्र तिचं कौतुक वाटलं. "घरच्या माणसाविरुद्ध पुराव्याच्या बाजूने उभं राहणं सोपं नाही. पुण्याच्या परिषदेत सांग हे." तिने सांगितलं. नाव घेतलं नाही, 'आमच्या कुटुंबातल्या एक ज्येष्ठ बाई' म्हणाली. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एक तरुण मुलगी तिचा हात धरून म्हणाली, मॅडम, तुमच्यासारखी हिंमत पाहिजे. आणि चारुताने तो हात धरू दिला.

घरात केतकी बिघडली. जेवेना, झोपेना, दिवेलागण झाली की किरकिरायला लागायची. पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या, दात येत असतील. चार वर्षांच्या मुलीला कसले दात! त्या संध्याकाळी तर ती फरशीवर पाय आपटत एकच धोशा लावून बसली. "तडतड कर! तडतड कर ना!"

"तडतड म्हणजे काय, सोन्या? फटाका?"

"नाही! आत्याची तडतड!"

केतकीने मूठ वळली, स्वतःच्या डोक्यावरून गोल फिरवली, पायांपर्यंत खाली नेली, परत वर आणली. आणि तोंडाने म्हणू लागली, "आल्याची, गेल्याची, शेजारच्याची, पाजारच्याची, आईची, आत्याची..."

चारुता फरशीवर बसली ती बसलीच.

म्हणजे मुठीत ते उरलेलं होतं. मीठ, मोहरी, मिरची. डासांचं कारण सांगून मागच्या दाराशी धुपाटण्यात करवंटीचे निखारे केले जायचे. तिला हसायला आलं. मग रागही आला, एवढ्यासाठी लपवाछपवी? आपण काय खाऊन टाकलं असतं? मग आठवलं, आपणच सांगितलं होतं. आणि केतकीला कधी विचारलंच नव्हतं.

"कर ना, आई."

ती पोर तीन रात्री धड झोपली नव्हती, आणि आईही. चारुता उठली. धुपाटणं आतल्या खोलीच्या मागच्या दाराआड होतं, तिथेच, स्वच्छ पुसून पालथं घातलेलं. तिने करवंटीचे तुकडे पेटवले. डब्यातून मोहरी घेतली, चिमूटभर मीठ, दोन सुक्या मिरच्या. पुढच्या दाराची कडी लावली, कोणी येत नाही ना ते पाहिलं. आपल्याच घरात चोरासारखी. मूठ केतकीवरून उतरवली. शब्द केतकीनेच म्हटले, ती नुसती "हं, हं" करत राहिली. मुठीतलं निखाऱ्यावर टाकलं. तडतड झाली. केतकी टाळ्या वाजवत खिदळली आणि आईच्या गळ्यात पडली. धूर खिडकीतून आत आला, चारुताला ठसका लागला, डोळे भरून आले.

टुक्.

खळीवर निळा दिवा. आणि फोनवर नोंद. केतकी राऊळ, भीती. जवळची व्यक्ती, चारुता राऊळ.

केतकी अजून हसत होती.

समजायला वेळ लागला नाही. समजून घ्यायचं काही उरलंच नव्हतं. सगळं ती गेली कित्येक वर्षं व्याख्यानात सांगत आली होती. चापड्याने दारांचं काम बदललं, पण जुनं काम पुरतं विसरला नाही. मोहरीचा, मिरचीचा जळका धूर लागला की त्याचा पडदा पेटून उठतो. त्याला आजूबाजूची सगळी हवाच तापलेली वाटते, आणि त्या हवेत मुलाचं नाक गार. फोडणीची गंमत ती हशा पिकवण्यासाठी सांगायची. पडदा तपासला होता तो मात्र गाळलेल्या हवेच्या बंद पेटीत. आपल्या लोकांच्या घरात संध्याकाळी कशाकशाचा धूर होतो, हे कुणाला विचारावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला ठाऊक असायला हवं होतं. तिची आजीही करायची.

पण तिने पहिल्यांदा काय केलं, ते तिला पुढे कधी कुणाला धडपणे सांगता आलं नाही. तिने लॅपटॉप उघडला. घडवणाऱ्यांना असते ती आतली वाट तिच्याजवळ होती. तिने स्वतःच्या नावची निळी नोंद पुसली. लगेच. पुसून झाल्यावर वन्सं आठवल्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिने काचेच्या कपाटाबाहेर चकती ठेवली आणि शेजारच्या तव्यावर मोहरी जाळली. निळा. पुन्हा जाळली. निळा. कपाटातली चापड्याची मादी फांदीवरून तिच्याकडे बघत होती, पिवळ्या डोळ्यांनी, पापणी न हलवता. तिला पापण्या नसतातच.

आजगावकर सर वासाने आत आले. "काय चाललंय? मिसळ?"

तिने सांगितलं. सर खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"फोडणीची गोष्ट तूच सांगायचीस ना?"

"हो."

"हं." सर म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत धुराची चाळणी घालू. अवघड नाही."

"आणि मागच्या नोंदी?"

"मागचं उकरून काय मिळणार, चारुता? खळीने खरंच वाचवलेली मुलं आहेत. लोकांचा विश्वास उडाला तर ती उघडी पडतील. तुझ्या नणंदेचं म्हणशील तर ते नाव काढून टाकू. एक नाव. माझ्यावर सोड."

एक नाव. किती सोपं होतं. चारुताने मान हलवायला घेतलीही होती. मग तिने लॅपटॉपचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. दिवेलागणीच्या वेळच्या निळ्या नोंदी तिने वेगळ्या काढून पाहिल्या होत्या. नावं खाली सरकत होती, संपत नव्हती. आज्या, आत्या, मावश्या, मुलं सांभाळणाऱ्या बायका. कोल्हापूरच्या, नाशिकच्या, धुळ्याच्या. केंद्राने विचारल्यावर प्रत्येकीने जवळपास तेच सांगितलं होतं. काही नाही, धूप घातला होता. शिकलेल्या सुनेपुढे, लेकीपुढे, मालकिणीपुढे मोहरी फिरवल्याचं कबूल करायची लाज.

"एक नाव काढून झालंय, सर," ती म्हणाली. "माझं. काल संध्याकाळी."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही, घालावीशी फार वाटली तरी.

"मग तूच उभी राहून सांग," ते शेवटी म्हणाले. "सगळं. हेही."

तिने सांगितलं. त्याच पुण्यात. तीच तरुण मुलगी दुसऱ्या रांगेत होती. तिने या वेळी हात धरला नाही. नोंदी पुन्हा तपासायचं ठरलं, जिल्ह्याजिल्ह्याने, सावकाश. वन्संच्या जिल्ह्याचा क्रम अजून यायचा होता.

रविवारी ती केतकीला घेऊन घाट उतरली. वन्सं पडवीत फणसाच्या बिया निवडत बसल्या होत्या. वाळल्यासारख्या दिसल्या. समोरच, आंगण ओलांडून, बालवाडीची खोली. आतून मुलांचा गलका येत होता, आणि कुणा दुसऱ्याच बाईचा आवाज.

"ये गो. उन्हातून इलंस. पाणी आणतंय."

"वन्सं, पाणी नको." चारुता पायरीवरच बसली. घरून ठरवून आणलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आलं नाही. "मी चुकले. तुम्ही दृष्ट काढायचात, त्या धुराने दिवा लागायचा. तुम्ही काहीच केलं नव्हतं."

वन्संनी एक बी उचलली, बघितली, परत टाकली.

"केलंय की. खोटां बोललंय. तू नको म्हणालेलंस आणि मी तुझ्या पाठीमागे केलंय. इचारलंस तेव्हा सांगूक व्हया होता. लाज वाटली गो. तू एवढी शिकलेली." त्यांची नजर आंगणाकडे गेली. "पण चेडू दिसताच तसा. न्हाऊन इला, पावडर लावली, की माझीच नजर लागात म्हणान भीती वाटायची."

चारुताला वाटलं, यांनी ओरडावं. दोन शिव्या द्याव्यात. परिषदेत टाळ्या मिळवल्यास ना माझ्यावर, असं म्हणावं. विराजने तेही कळवलं असणार. पण वन्सं बिया निवडत राहिल्या.

इतका वेळ केतकी आंगणात कोंबडीमागे फिरत होती. तिला आत्या आताच दिसली. "आत्याऽऽ!" ती पळत आली, पडवीची पायरी हाताने धरून चढली आणि वन्संच्या समोर दोन्ही हात वर करून उभी राहिली. घे, म्हणून.

वन्सं मागे सरकल्या. पाठ भिंतीला लागली तशा थांबल्या. दोन्ही हात त्यांनी पदरात गुंडाळून घेतले.

"नको गो बाये. हात नको. केंद्राचां पत्र येवंदे आधी."

"वन्सं, घ्या ना. त्याला काही होत नाही." चारुताचा आवाज फाटला. "एकट्या नाही आहात तुम्ही. मी आहे ना इथे."

वन्संनी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

"तू आसस," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणानच."

केतकीचे हात अजून वरच होते. ती आत्याच्या पदराकडे बघत होती, पदरातल्या हातांकडे, परत आत्याच्या तोंडाकडे. मग एकेक करून हात खाली आले. ती वळली, आईजवळ आली, गुडघ्याला टेकून उभी राहिली आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने विचारलं,

"आई, मी आत्याला काय केलं?"